सड्यावरची तळी आणि दाजी राऊळ

७ मे, रविवार, सकाळ. सड्यावरच्या तळीपाशी हजर: दाजी राऊळ, त्यांची बायको पार्वतीकाकी, सुर्ल्याच्या खाणीत दाजींबरोबर काम केलेला, सुरुंगाचा परवाना असलेला गुंडू परब, आमच्या वॉर्डाचे पंच, कॉम्प्रेसरवाला, समितीचे आम्ही चौघे. गैरहजर: शर्वरी (कॉलेजची परीक्षा). शेजारच्या चिरेखाणीच्या मालकाला, म्हणजे पात्रांवाला, कोणी बोलावलं नव्हतं. पण तो आपल्या जीपमध्ये बसून लांबून बघत होता, म्हणून मी त्यालाही हजर धरलं.

मी गावच्या हायस्कूलच्या ऑफिसात काम करते आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीची सचिव आहे. कोण आलं, कोण नाही हे लिहिल्याशिवाय मला काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही. त्या सकाळी तिथे काय झालं ते पुढे येईलच. आधी दाजी कोण ते सांगते, कारण त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या डोक्यात ते आलं नसतं.

दाजी माझे शेजारी. मध्ये चिऱ्यांची कमरेएवढी गडगी. बुटका, रुंद माणूस. डाव्या हाताला अंगठा आणि दोन बोटं. एक कान पूर्ण बहिरा, दुसरा कामचलाऊ. उभा जन्म सुर्ल्याच्या लोहखनिजाच्या खाणीत सुरुंग लावण्यात गेला. गोवा मुक्त झाल्यावर खाणी वाढत गेल्या, तेव्हा सावंतवाडीकडच्या एका खेड्यातून ते मिसरूड फुटायच्या वयात तिकडे गेले आणि खाणी बंद पडल्यावर बायकोच्या गावी, इथे पेडण्यात, येऊन राहिले. खाणीत सुरुंगाला बार म्हणतात. वात पेटवण्याआधी जी आरोळी द्यायची, ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरात कुकर लावला तरी "सऽऽरा! बार हा!" नारळ फोडण्याआधी तेच. शिंक येण्याआधीही तेच. आमच्याकडे नवा पाहुणा आला की पहिल्या आरोळीला तो टेबलाखाली जाई आणि आम्ही त्याला चहा देऊन वर काढत असू.

बोटं कशी गेली, हे ते हसत सांगत. एक बार फुसला होता, उडालाच नव्हता. वाट बघायची तेवढी बघून झाली, तेव्हा त्यांचा जोडीदार बघायला पुढे गेला. दाजींना काहीतरी वेगळं वाटलं आणि त्यांनी मागून त्याचा शर्ट धरला.

"शर्ट माझ्या हातात रवलो, बाय. बोटा थंय गेली. आणि तो वर गेलो."

वर म्हणजे किती वर, हे ते हात करून दाखवत. त्या वेळी काकी उठून आत जात. जोडीदाराचं नाव दाजींनी कधी सांगितलं नाही.

काकी त्यांना पुरून उरलेल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी आमटी करपली म्हणून दाजींनी त्यांच्या कानाखाली दिली. काकींनी हातातली डवली, म्हणजे करवंटीची पळी, त्यांच्या टाळक्यात घातली. रक्त थांबेना, तेव्हा त्याच डवलीने हळद काढून जखमेवर दाबली. दाजी डोकं वाकवून ती खूण सगळ्यांना दाखवत. "तेच्यानंतर हात उगारलो नाय. हिचो नेम माझ्यापेक्षा बरो."

"मरतलो तो, पण शाणो होवचो नाय," असं काकी आतून म्हणत. हे दिवसातून एकदा तरी ऐकू येई.

बायकोवर हात उगारला नाही, तरी बाकी जग मोकळंच होतं. दाजींनी बस उशिरा आणणाऱ्या कंडक्टरला मारलं आहे. शिळे पाव दिले म्हणून पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, टोपली त्याच्याच डोक्यावर पालथी घातली आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, सुकी मासळी मोजताना पारड्यावर बोट ठेवणाऱ्या माणसाचं ते बोट पिरगाळलं आहे. त्यांना भांडण सोडवायला बोलावत नसत. बोलावलं की भांडणं दोन होत.

अशा माणसाचा आणि बेडकांचा संबंध शर्वरीमुळे आला. ही म्हापशाकडच्या एका कॉलेजची मुलगी, प्राणिशास्त्र शिकणारी. आमच्या सड्यावरच्या तळ्यांची पाहणी करायला आली होती. सडा म्हणजे उन्हाळ्यात नुसता काळा, तापलेला दगड. पावसात त्याच्यावर गवत येतं, फुलं येतात आणि खोलगट भागांत पाणी साचतं. अशा तीन तळ्या होत्या. त्यांत अंगठ्याच्या पेराएवढा तपकिरी बेडूक असतो. आम्ही त्याला नुसतं "बारको बेबो" म्हणायचो, आणि तेही कधी म्हणायची वेळ आली तर. शर्वरीने सांगितलं की हा बेडूक आपल्या भागातल्या अशा थोड्या सड्यांवरच राहतो. घोट्याएवढ्या पाण्यात अंडी घालतो. सडा गेला तर तो दुसरीकडे जात नाही, संपतो.

दाजी चांगला कान पुढे करून ऐकत होते. "मगे उन्हाळ्यात ते खंय जातत?"

"इथेच असतात, आजोबा. दगडाच्या फटींत, चिऱ्यांखाली."

"म्हणजे आमी सुर्ल्याक ज्या सड्यार बार काढलो, थंय…"

त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग विचारलं, हे बेबे ओरडतात कसे? त्यांच्या कानाला तो आवाज पोचत नव्हता. तिने आपल्या डब्याच्या झाकणावर नखाने टकटक करून दाखवलं. दाजींनी झाकण हातात घेतलं, कानाशी धरलं, स्वतः टकटक केली आणि मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी काठी घेऊन सड्यावर जायला लागले.

ती काठी कशाला, ते जूनमध्ये कळलं.

पाऊस लागला की मोठे बेडूक बाहेर पडतात आणि त्यांना पकडणारे पण. कायद्याने बंदी आहे. तरी किनाऱ्याकडच्या खानावळींत तंगड्यांना गिऱ्हाईक असतं, आणि मांद्र्याकडून तिघे तरणे गडी गोणपाट घेऊन आमच्या सड्यावर चढले. तिन्हीसांज होती. मी बेडकांची नोंद करायला दाजींबरोबर गेले होते. ते तिघे तळीच्या काठावर बसून काम करत होते. एकजण गोणीतून बेडूक काढून दगडावर धरायचा, दुसरा कोयत्याने कमरेखाली घाव घालायचा. मागचा भाग पिशवीत, पुढचा तळीत. ते पुढचे भाग जिवंत होते. दोन हातांवर ओढत पाण्यातून काठाकडे येत होते, त्यांच्यामागे आतडी लोंबत होती, आणि पाण्यावर बारक्या बेब्यांच्या अंड्यांचा जो पातळ थर असतो, तो सगळा त्यांनी ढवळून काढला होता.

दाजींनी आरोळी दिली नाही. पहिली काठी कोयतेवाल्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरी गोणीवाल्याच्या गुडघ्यावर. तिसऱ्याने दाजींच्या डोक्यात बॅटरी घातली, दांड्याला धरून, दोनदा. दाजी खाली बसले ते गोणीवरच.

"आता उठय माका," ते म्हणाले. तोंडावरून रक्त गळत होतं. "उठय बघया."

त्या गड्यांनी उठवायचा प्रयत्न केला. लाथा मारल्या. मी ओरडत रस्त्याकडे धावले. चिरेखाणीची माणसं येताना दिसली तेव्हा ते तिघे पळाले, मोडलेला हात धरून, लंगडत.

मला वाटलं, दाजी आता घरी चला म्हणतील. त्यांनी एक दगड उचलला. "बाय, तोंड फिरय," म्हणाले. मग तळीत उतरून ते अर्धे बेडूक शोधून काढले आणि एकेकाला दगडाने ठेचलं. मी तोंड फिरवलं होतं, पण कान बंद केले नव्हते. शेवटचा ठेचून झाल्यावर त्यांनी दगड धुतला आणि होता तिथेच नीट ठेवला.

पोलीस चौकीत त्यांनी पुरावा म्हणून गोणी टेबलावर ठेवली आणि कोणी सांगायच्या आत तिचं तोंड सोडलं. हवालदार कदेलीवर चढला, म्हणजे खुर्चीवर. बेडूक कपाटाखाली, कागदांवर, एक पाण्याच्या बालदीत.

"आजोबा, हें किदें केलें तुमी?"

"मोज. मोजून लिही. मगे सोडतंय परत." आणि खरंच, डोक्याला पट्टी बांधून झाल्यावर आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून ते गोळा केले, हवालदारसुद्धा.

तळ्या मात्र बेडूकवाल्यांमुळे गेल्या नाहीत. चिरेखाण दरवर्षी पुढे सरकत होती. दातेरी चाक सड्यात घुसतं, किंचाळत जातं आणि मागे चौकोनी चिरे सोडतं. पहिली तळी अशी गेली, पुढच्या वर्षी दुसरी, आणि राहिली एकच. ग्रामसभेत पात्रांव उठून म्हणाला की जमीन त्याची, कागद त्याचे. दाजींनी चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारली. सभा तहकूब.

आठवडाभराने दाजी खाणीच्या रस्त्याकडेला पडलेले सापडले. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, पाठीवर वळ. कोणी मारलं ते त्यांनी सांगितलं नाही, विचारलं की "पाय घसारलो" म्हणत. काकी त्या दिवशी डवली घेऊन पात्रांवाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि अंधार पडेपर्यंत शिव्या दिल्या. त्याच्या घरची एकही खिडकी उघडली नाही.

पुढच्या ग्रामसभेला दाजी हात गळ्यात बांधून आले. या वेळी पात्रांव शहाणपणाने बोलला. "दाजी, ही तळी खंयची? दिवाळी जाली काय हांगा गोरवां बसतात. हो खड्डो. बारा म्हयने उदक दाखय, हांव हात लावचों ना."

पंचांनी विचारलं, "लिहून घेऊ?"

"घे बरोवन," पात्रांव म्हणाला. मी लिहून घेतलं: बारा महिने पाणी धरेल अशी तळी झाली, तर तो तिला हात लावणार नाही. ती तशी करून दाखवायला एक वर्षाची मुदत ठरली.

दाजी उठून उभे राहिले. मग म्हणाले, "दाखयतंय."

आता, आमच्या गावात विहिरीचं पाणी आटलं की काय करतात ते सांगायला हवं. विहिरीच्या तळाला सुरुंग लावतात. दगड फुटतो, खोली वाढते, पाणी येतं. आमच्या विहिरीला दोनदा लावला आहे, पंचांच्या विहिरीला त्याहून जास्त वेळा. त्यामुळे दाजी म्हणाले की तळी खोल करूया, म्हणजे उन्हाळाभर पाणी राहील, तेव्हा कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. समितीने एकमताने होकार दिला. शर्वरीच्या परीक्षा चालू होत्या, तिला कशाला त्रास द्यायचा, असं ठरलं. गुंडूने परवाना आणि सामान आणलं.

तर ७ मे. कॉम्प्रेसरने भोकं पाडली, तळीच्या बरोबर मध्ये. दाजींनी भोकं स्वतः भरली, तीन बोटांच्या हाताने, एखादी बाई पुरणपोळी भरेल तशी. गुंडू म्हणाला, "दाजी, कमी घाल. सडो आसा हो, विहीर नव्हे."

"तू माका शिकवतंस? तुझी मिशी येवच्या आदी मी डोंगर उतरयलंय."

"डोंगरच उतरयलंस. तळी खंय केलंस?"

"गप रव, मेल्या."

आम्हाला मागे घालवलं. आरोळी आली. ती इतकी मोठी होती की खालच्या मळ्यातली कुत्री भुंकायला लागली. मग पायाखालून धक्का आला, आधी पोटात आणि मग कानात. सडा वर उचलला गेला आणि तुकडे होऊन खाली बसला. एक दगड आमच्या डोक्यांवरून गेला आणि कॉम्प्रेसरवाल्याच्या खांद्यावर बसला. तो किंचाळत खाली पडला. धूळ बसली तेव्हा दाजी काठावर उभे होते, भुवया पांढऱ्या झालेल्या, तोंडभर हसत. माणूस उभा राहिला तरी डोकं दिसणार नाही, एवढा खड्डा झाला होता.

"बघ," ते काकींना म्हणाले. "हत्ती पोवतलो हंय."

कॉम्प्रेसरवाल्याला म्हापशाला पाठवलं, टाके पडले. बाकीच्यांनी काजूची हुर्राक घेतली. पात्रांवाची जीप निघून गेली होती.

जूनचा पाऊस दोन दिवस पडल्यावर आम्ही वर गेलो. इतर सगळ्या खोलगट जागांत पाणी होतं. खड्ड्यात नव्हतं. चारी बाजूंनी ओहोळ येऊन आत पडत होते आणि खाली कुठेतरी गुडगुड आवाज होत होता, मोरी तुंबलेली सुटावी तसा. सुरुंगाने तळाला भेगा पडल्या होत्या. सड्याच्या पोटात पोकळ्या असतात, पाणी सरळ त्यांत जात होतं. बारके बेबे मात्र आले होते, दरवर्षी येतात तिथेच. भिंतीला चिकटून बसले होते, काही तळाशी पडले होते. दगडावर ओल होती तिथे त्यांनी अंडी घातली होती. पाऊस थांबून ऊन पडलं, तेव्हा ती आमच्या डोळ्यांदेखत सुकून दगडाला चिकटली.

निरोप मिळाल्यावर शर्वरी धावत आली. खाली उतरून तिने भेगेत हात घातला. "घोटाभर पाणी लागतं त्यांना!" ती वर बघून ओरडली. "घोटाभर! आणि ते होतं! एक फोन का नाही केलात मला?"

दाजींनी ऐकलं. त्यांनी जवळच्या चिऱ्यावर कपाळ आपटलं. एकदा नव्हे. काकी आणि गुंडूने मागून धरलं तेव्हा त्यांच्या भुवईतून रक्त वाहत होतं आणि ते दोघांना कोपरांनी मारत होते. "सोड माका! सोड! सगळे माझ्याच हातान मारलंय, थंय पण आणि हंय पण!"

तेवढ्यात पात्रांव छत्री घेऊन आला. खड्ड्यात वाकून बघितलं. "आतां खरोच खड्डो जालो, दाजी."

गुंडूने काकींकडे बघितलं. मी वही मिटली. सगळ्यांना वाटलं, आता हा त्याला आत ढकलणार.

दाजींनी बाहीने तोंड पुसलं. "पात्रांव, एक फावडो दी."

पात्रांव गोंधळला. मग त्याने खरंच आपल्या माणसाला हाक मारून फावडं मागवलं.

त्यानंतर पाऊसभर दाजींनी कोणाला मारलं नाही. वेळ नव्हता. खालच्या मळ्यातली चिकणमाती टोपलीने वर न्यायची, त्यात कोंडा मिसळायचा, पायाने मळायची, भेगेत दाबायची, वर पुन्हा थर. पाणी ती रात्रीतून वाहून न्यायचं आणि सकाळी पुन्हा तेच. शर्वरी सुट्टीच्या दिवशी येई. ती त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही, नुसती माती देत राहिली. एकदा त्यांनी विचारलं, "गो, राग गेलो काय?" "नाही," ती म्हणाली. "बरा," ते म्हणाले. "तुझ्या रागान टोपली भरभर येता."

उत्तरेकडची भेग बुजली. मग पश्चिमेकडची, मग मधली. पश्चिमेच्या कोपऱ्यात दाजींनी मातीचा आणि दगडांचा उतार केला, बेब्यांना चढता-उतरता यावं म्हणून. उताराच्या वरच्या खोलग्यात, काठाला लागून, श्रावणात तळहात बुडेल एवढं पाणी टिकलं. आणि एका सकाळी त्या पाण्यावर अंड्यांचा थर दिसला, भाकरीएवढा.

पूर्वेकडची भेग सगळ्यांत मोठी. तिच्यात हात खांद्यापर्यंत जातो. चवथ झाली, दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि दुसऱ्या दिवशी दाजी ती बुजवायला खड्ड्यात उतरले. पाय घसरला, आणि या वेळी तो खरंच घसरला होता. खुब्याचं हाड गेलं.

त्यांना वर काढलं आणि प्लास्टिकच्या कदेलीवर बसवून साडीने बांधलं. उचलायला पुढे गुंडू आणि पंच, मागे माझा नवरा आणि पात्रांवाच्या मशीनचा ड्रायव्हर, जो हल्ली जेवणाच्या सुट्टीत येऊन बघत बसायचा. दाजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. कळ आली की दात वाजत होते. मी छत्री धरून बाजूने चालत होते. वाट तळीच्या पश्चिमेच्या काठावरून जाते. गुंडूने तिथे निसरडं टाळायला पाय आत टाकला आणि दाजींनी मुठीने त्याच्या टाळक्यात असा तडाखा दिला की कदेल हेलपाटली आणि चौघेही पडता पडता राहिले.

"बाजूक पाय टाक, मेल्या! थंय अंडी आसत!"

"तू मरतंस हंय, दाजी, आणि—"

"मी मरांदे! तू पाय बाजूक टाक!"

त्यांनी पुन्हा मूठ उगारली. चौघांनी पाय बाजूला टाकले. कदेल उतारावरून खाली गेली, मूठ अजून हवेतच होती. मी तळीपाशी थांबले होते, मी त्यांना शेवटचं बघितलं ते तसं. म्हापशाच्या इस्पितळात ऑपरेशननंतर ताप चढला तो उतरला नाही, त्यातच ते गेले. काकींनी मला भेटायला येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

पश्चिमेचं पाणी कार्तिकात आटलं. तोपर्यंत पिल्लं शेपूट गळून दगडांखाली गेली होती, असं शर्वरी सांगते. पूर्वेची भेग उघडीच असल्याने पाणी त्यापुढे राहू शकलं नाही. मुदतीचं वर्ष अजून संपलेलं नाही. पुढच्या ग्रामसभेआधी पंचायत पाहणी करणार आहे, आणि पात्रांवाने मशीन सरकवून काठापासून थोड्या अंतरावर आणून उभं केलं आहे.

राहिलेलं काम: पूर्वेकडची भेग बुजवणे. माती मळ्यात काढून झाकून ठेवली आहे. कोंडा काकी देणार आहेत. गुंडू म्हणतो, आत उतरायला त्याची कंबर चालत नाही. शर्वरीचा हात भेगेच्या तळापर्यंत पोचत नाही, माझाही नाही. पात्रांवाच्या ड्रायव्हरचा पोचतो. त्याला अजून विचारलेलं नाही.